पणजोबांच्या मृत्युपत्रातले ‘कुटुंब’ कोण?

जुन्या कौटुंबिक कागदपत्रांविषयीचे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेली बहुतेक पत्रे मृत्युपत्रांविषयी आहेत आणि त्यांतही ‘वाचता येत नाही’ यापेक्षा ‘वाचले, पण अर्थ लागत नाही’ ही अडचण अधिक जणांनी मांडली आहे. पत्रे थोडक्यात देत आहे; पाठवणाऱ्यांची आणि कागदांतील व्यक्तींची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांचे मृत्युपत्र सापडले. चार पाने मोडीत आहेत, शेवटची सही मात्र बाळबोध, म्हणजे देवनागरी आहे. निवृत्तीनंतर मी मोडीचा वर्ग केला आणि छापील धडे मला वाचता येतात. या कागदापुढे मात्र तीन महिने अडून बसलो आहे. तारखेत ‘शके १८१’ एवढेच दिसते, पुढचा आकडा शाईने कागद खाल्ल्यामुळे गेला आहे. त्यापुढे ‘दुर्मुख’ आणि ‘माघ वद्य ५’ वाचता येते. सर्वांत मनाला लागले ते हे, की मुलांची, पुतण्यांची, अगदी घरच्या गड्याचीही नोंद आहे, पण पणजीचा उल्लेख कोठेच नाही. फक्त ‘माझे कुटुंबास हयात असे तोपर्यंत अन्नवस्त्र द्यावे’ असे एक वाक्य आहे. (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटची गोष्ट आधी घेते, कारण ती आपल्याला लागली आहे. आपल्या पणजीबाईंचा उल्लेख त्या कागदात आहे, आणि आपण तो वाचलाही आहे. त्या काळच्या मराठीत ‘माझे कुटुंब’ म्हणजे ‘माझी पत्नी’. नवऱ्याने बायकोचे नाव चारचौघांत उच्चारू नये ही रीत लेखणीतही उतरली होती, त्यामुळे मुलांची नावे घालणारा माणूस पत्नीपाशी आला की ‘कुटुंब’ लिहून पुढे जाई. वाक्याची रचनाही हेच सांगते. ‘हयात असे तोपर्यंत’ हे एका जिवंत माणसाविषयीच लिहिले जाते, साऱ्या घराविषयी नाही. ‘अन्नवस्त्र’ हा शब्दही मोघम नाही. १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा होण्यापूर्वी मुलगे असताना विधवेकडे वारसा येत नसे. तिच्या वाट्याला मुख्यतः अन्नवस्त्र आणि घरात राहण्याचा हक्क येई, आणि तो कोणी नाकारू नये म्हणून विचारी माणसे तो मृत्युपत्रात घालून ठेवत. त्या एका ओळीत आपल्या पणजोबांनी पणजीची सोय केलेली आहे.

आता वाचनाकडे येऊ. छापील धड्यांतली मोडी ओळखीची झाली तरी हातची मोडी परकी वाटते, कारण ही लिपी मुळात हात न उचलता झरझर लिहिण्यासाठी आहे. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरे टांगत जाई. ह्रस्व-दीर्घ वेलांटीचा किंवा उकाराचा भेद तो करत नाही, शब्दांत अंतर ठेवत नाही, विरामचिन्हे देत नाही, आणि ओळ संपली की शब्द जेथे असेल तेथे मोडून उरलेला भाग पुढच्या ओळीवर नेतो. अशा कागदात एकेक शब्द डोळ्यांनी शोधत बसलात, तर पहिल्याच अडलेल्या शब्दापाशी महिना जाईल. आपले तीन महिने बहुधा असेच गेले असावेत.

मृत्युपत्र हा साचेबंद कागद असतो, ही आपली मोठी सोय आहे. काय लिहिले असणार, हे ठरावीक ठिकाणी आपल्याला आधीच माहीत असते. म्हणून पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीऐवजी शेवटच्या पानावर, सहीच्या वर जावे. तेथे बहुतेक वेळा ‘राजीखुषीने व अक्कलहुशारीने लिहून ठेविले’ अशा अर्थाची ओळ सापडते. ‘राजीखुषीने व अक्कलहुशारीने’ एवढ्या शब्दांत र, ज, ख, ष, न, व, अ, क, ल, ह आणि श ही अकरा अक्षरे आहेत. ती त्या लेखकाच्या वळणात जशी दिसतात तशी वहीच्या एका पानावर उतरवून घ्यावीत. मग ‘स्थावर जंगम मिळकत’ हे शब्द शोधावेत. त्यातून स, थ, ग, म, ळ आणि त अशी आणखी सहा मिळतात. सतरा अक्षरांचा हा तक्ता हाताशी आला, की बाकीचा कागद हळूहळू सुटू लागतो. मी प्रत्येक नव्या कागदासाठी असा वेगळा तक्ता करते, कारण एका लेखकाचा ‘त’ दुसऱ्याच्या ‘त’सारखा असेलच असे नाही. नावे मात्र अगदी शेवटी वाचावीत. इतर शब्द संदर्भाने ओळखता येतात. नाव संदर्भाने ओळखले, की आपण आपल्या मनातले नाव कागदावर वाचू लागतो.

हेही ध्यानात घ्यावे, की ती चार पाने बहुधा पणजोबांच्या हातची नाहीत. मजकूर कोणा लेखकाने किंवा वकिलाच्या कारकुनाने उतरवलेला असणार आणि बाळबोध सही तेवढी त्यांची असणार. सहीजवळ ‘दस्तुरखुद्द’ हा शब्द दिसतो का पाहावे. त्याचा अर्थ ‘स्वतःच्या हातची’.

तारखेचा गेलेला आकडा आपल्याला ‘दुर्मुख’ या संवत्सराच्या, म्हणजे वर्षाच्या नावावरून परत मिळतो. संवत्सरांची साठ नावे एकामागून एक येतात आणि साठ वर्षांनी चक्र पुन्हा सुरू होते, त्यामुळे १८१० ते १८१९ या दहा शकांत दुर्मुख एकदाच येऊ शकते, आणि ते शके १८१८ ला येते. आपला नाहीसा झालेला आकडा ८ आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे आपल्याला ठाऊक असेल. पण पौष, माघ, फाल्गुन या महिन्यांत इंग्रजी वर्ष बहुधा बदललेले असते आणि तेव्हा ७९ मिळवावे लागतात. पुष्कळ वंशावळींत एका वर्षाची चूक येथेच होते. माघ वद्य पंचमी म्हणजे फेब्रुवारी १८९७ चा उत्तरार्ध. मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची साथ १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात उघडकीस आली होती, माणसे शहर सोडून गावी जात होती, आणि त्याच फेब्रुवारीच्या ४ तारखेला साथीच्या रोगांचा कायदा झाला होता. पणजोबांनी त्याच दिवसांत मृत्युपत्र का केले, हे कागद सांगत नसेल तर आपणही ठामपणे लिहू नये. वंशवृत्तात तारखेच्या शेजारी ही परिस्थिती नोंदवून ठेवावी, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याला विचार करता येईल.

याच कारणासाठी एक विनंती करते. नक्कल उतरवताना भोकात गेलेले किंवा न लागलेले अक्षर अंदाजाने भरू नये. तेथे चौकटी कंस करावा, अंदाज असेल तर प्रश्नचिन्हासह त्यात लिहावा आणि पुढे जावे. अंदाज एकदा मजकुरात मिसळला, की दहा वर्षांनी तो आपल्यालाही वेगळा काढता येत नाही.

प्रश्न : माझ्या आजेसासूबाईंचे मृत्युपत्र बाळबोध अक्षरात आहे, म्हणून ते मी घरीच वाचून काढले. त्यात त्यांचे नाव ‘गंगा’ असे दिसते आणि आम्ही वंशावळीतही तेच घातले. पण गावाकडील नातेवाईक त्यांचे नाव वेगळे सांगतात. दागिन्यांच्या यादीत पाटल्या ५११ तोळे असे आहे. एवढे सोने आमच्या घरात होते, यावर कोणाचा विश्वास बसत नाही. सहीच्या जागी नुसते एक वर्तुळ आहे. (एक वाचिका, दादर)

उत्तर : आपण पाठवलेल्या छायाचित्रात ‘गं. भा.’ आहे, आणि पुढे जो शब्द आपण आडनाव समजून सोडून दिला तेच त्यांचे नाव आहे. ‘गं. भा.’ म्हणजे गंगा भागीरथी. सौभाग्यवतीच्या नावामागे जसे ‘सौ.’ लावत, तसे विधवेच्या नावामागे हे लावण्याची रीत होती. गावाकडच्या मंडळींचे बरोबर आहे. वंशावळ दुरुस्त करताना या दोन अक्षरांचा आणखी उपयोग करून घ्यावा. आजेसासूबाईंचे नाव असलेले जेवढे कागद घरात असतील, ते तारखेनुसार लावावेत. ज्या कागदापर्यंत ‘सौ.’ आहे आणि ज्यापासून ‘गं. भा.’ सुरू होते, त्या दोन तारखांच्या मध्ये आपल्या आजेसासऱ्यांचे निधन झालेले आहे. मृत्यूची नोंद हाती नसताना एवढेही पुष्कळ असते.

नावापुढचा शब्द ‘कोम’ आहे, तो ‘काम’ असा वाचू नये. ‘कोम’ म्हणजे ‘अमक्याची पत्नी’, जसे ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’. उलट ‘चि.’ दिसले म्हणून मुलगा धरून चालू नये. चिरंजीव हा वयाने लहान असलेल्या कोणासाठीही लिहीत. पुतण्या, भाचा, जावई, सगळेच त्यात येतात.

पाटल्यांचे वजन ५११ तोळे नसून साडेपाच तोळे आहे. जुन्या लिखाणात आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. आपल्या यादीत पाटल्या ५॥, ठुशी ३।, नथ ॥। आणि खाली एकूण ९॥ असे आहे. साडेपाच, सव्वातीन आणि पाऊण यांची बेरीज बरोबर साडेनऊ येते, म्हणजे वाचन पक्के. ज्या यादीखाली बेरीज असेल, तेथे ती नेहमी करून पाहावी; आकड्यांच्या वाचनाला इतका निःपक्षपाती साक्षीदार दुसरा मिळत नाही. तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा हेही जवळ लिहून ठेवावे, पुढच्या पानावर लागेल. साडेनऊ तोळे म्हणजे आजचे सुमारे १११ ग्रॅम होतात.

ते वर्तुळ ही बांगडी आहे. लिहिता न येणारी माणसे सहीऐवजी निशाणी करत. शेतकरी नांगर काढी, स्त्रिया बांगडी काढत. ते वर्तुळ आपल्या आजेसासूबाईंनी स्वतः काढलेले आहे. त्या सगळ्या कागदावर त्यांच्या हातचे तेवढेच आहे, म्हणून त्याचे छायाचित्र वेगळे, जवळून घ्यावे.

प्रश्न : आमच्याकडे खापरपणजोबांच्या मृत्युपत्राची नक्कल आहे, पण ती इंग्रजी भाषांतराची, उच्च न्यायालयाच्या शिक्क्याची. त्यात घर ‘नेफ्यू’ला दिले आहे. हा नेफ्यू कोण, यावरून आमच्या दोन शाखांत मतभेद आहेत. मूळ मराठी कागद मिळू शकेल का? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : हा मतभेद इंग्रजी शब्दाने निर्माण केलेला आहे. मूळात ‘पुतण्या’ असेल किंवा ‘भाचा’ असेल, आणि या दोन शब्दांमध्ये दोन वेगळी घराणी उभी आहेत. भाषांतरात दोघेही नेफ्यू झाले. चुलता आणि मामा दोघेही अंकल, मुलाचा मुलगा आणि मुलीचा मुलगा दोघेही ग्रँडसन. अशा भाषांतरांतून मिळकतीचा अर्थ बिनधास्त घ्यावा, नाते मात्र मूळ कागद पाहिल्याशिवाय लिहू नये. नावांच्या बाबतीतही तेच आहे. इंग्रजी लिपीतून परत मराठीत आणलेल्या नावात ‘ट’चा ‘त’ आणि ‘ळ’चा ‘ल’ झालेला असतो.

मूळ कागद शोधण्यासाठी त्यामागची व्यवस्था थोडी समजून घ्यावी लागेल. १ सप्टेंबर १८७० पासून लागू झालेल्या हिंदू विल्स ॲक्टने मुंबई शहरातील हिंदूंच्या मृत्युपत्रांना सही आणि दोन साक्षीदारांचे बंधन आले. त्यापूर्वीचे मृत्युपत्र साक्षीविना असले तर त्यावरून ते बनावट ठरत नाही. मृत्यूनंतर त्याचे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, उच्च न्यायालयातून घेतले जाई, आणि मृत्युपत्र इंग्रजीत नसेल तर न्यायालयाच्या भाषांतरकाराने केलेले भाषांतर अर्जासोबत जोडावे लागे. आपल्याकडे आहे ते हेच भाषांतर. म्हणजे प्रकरण झालेले आहे, आणि त्याच्या कागदांचा शोध उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, प्रोथोनोटरी व सीनियर मास्टर या न्यायालयीन अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे अर्ज करून घेता येतो. आपल्या नकलेवरील प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष अर्जात जसेच्या तसे द्यावे. ते अस्पष्ट असेल तर मृताचे नाव आणि मृत्यूचे वर्ष द्यावे, मात्र शोध त्या एका वर्षापुरता मर्यादित ठेवू नये. घरात वाद नसेल तर माणसे प्रोबेटसाठी वर्षानुवर्षे थांबत, आणि घर विकायची वेळ आली की मग अर्ज करत.

नक्कल मागताना फक्त मृत्युपत्राची मागू नये. मूळ अर्ज आणि मालमत्तेचे परिशिष्टही मागावे. मृत्यूची तारीख, अर्जदाराचे नाते आणि पत्ता, मिळकतीची व देण्याघेण्याची यादी तेथे असते. कुटुंबाच्या इतिहासाच्या दृष्टीने हा अर्ज मला पुष्कळदा मृत्युपत्रापेक्षा बोलका वाटतो, आणि तरीही फार थोडे लोक तो मागतात.

खापरपणजोबांची जमीन कोकणात असेल, तर तेथील दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातही चौकशी करावी. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नव्हती आणि आजही नाही, पण ती झालेली असल्यास पुस्तक क्रमांक ३ मध्ये सापडते. मृत्युपत्रे आणि दत्तक घेण्याचे अधिकारपत्र यांच्यासाठीच ते पुस्तक असते, त्यामुळे ज्या घरात दत्तक गेला-आला असेल, त्यांनी ते अवश्य पाहावे. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्यातली नक्कल इतरांना मिळत नाही. त्याच्या मृत्यूनंतर कोणीही अर्ज करू शकतो. आपले नाते सिद्ध करण्याची गरज नाही, तेव्हा कार्यालयात संकोच करू नये.

प्रश्न : आजोबांचे मृत्युपत्र साध्या कागदावर आहे, मुद्रांक नाही. ते खरे मानावे का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : मानावे. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, म्हणून ते साध्या कागदावर, हिशेबाच्या वहीच्या पानावरही लिहिलेले सापडते. खरेपणा पाहायचा तर साक्षीदार कोण होते ते शोधावे; शेजारी, दुकानदार, चाळीचा मालक अशी माणसे निघतात, आणि त्यांच्या नावांवरून आजोबा तेव्हा कोणत्या वस्तीत राहत होते तेही कळते.

प्रश्न : ‘फजंदारी जमिनीवरील घर’ आणि ‘लाटन सर्वे नंबर’ म्हणजे काय? हे घर भुलेश्वरात होते असे ऐकले आहे, पण दिलेल्या रस्त्यावर ते सापडत नाही. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : फजंदारी हा मुंबईतला जुना धारणाप्रकार आहे आणि शब्द पोर्तुगीज अमदानीतून आलेला आहे. जमीन फजंदाराची, त्याला भाडे द्यायचे आणि वरचे घर आपले, असा तो व्यवहार असे. म्हणून मृत्युपत्रात घर दिले आहे, जमीन दिलेली नाही. ‘लाटन’ म्हणजे लॉटन. या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली १८६५ ते १८७२ या काळात मुंबई शहराची मोजणी झाली आणि तिचे क्रमांक पुढे दस्तांत चालत राहिले. नंतरच्या मोजणीत सी. एस. (कॅडस्ट्रल सर्वे) नंबर आले, नगर भूमापनाच्या नोंदींतून जुन्या क्रमांकावरून नव्याकडे जाता येते. घर रस्त्याच्या नावावरून शोधू नये. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्तीतून नवे रस्ते काढले, त्यांत पुष्कळ घरे गेली, आणि राहिलेल्या रस्त्यांची नावे स्वातंत्र्यानंतर बदलली. गिरगाव रोड जगन्नाथ शंकरशेठ मार्ग झाला, प्रिन्सेस स्ट्रीट शामळदास गांधी मार्ग झाला. क्रमांक आणि चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी, यांवरच विसंबावे.

प्रश्न : सापडलेले मृत्युपत्र घड्यांवर फाटत आहे. पावसाळ्यापूर्वी लॅमिनेट करून घ्यावे का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : कृपा करून करू नये. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक पुन्हा काढता येत नाही, आणि जुनी लोहयुक्त काळी शाई आत राहून कागद खातच राहते. घड्यांवर चिकटपट्टीही लावू नये. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन अक्षरांत उतरतो. फिकट अक्षर उठावे म्हणून कागदाला पाणी, चहा किंवा लिंबू लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. कागद उलगडून, आम्लरहित कागदाच्या दोन पानांमध्ये सपाट ठेवावा आणि भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटाच्या तळाशी न ठेवता कोरड्या, वरच्या खणात ठेवावा. दुरुस्ती करायचीच असेल तर ती कागद-संवर्धनाचे काम जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावी. फोर्टमध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे कार्यालय आहे, तेथे विचारणा करता येईल. मोडीचे वर्गही हे संचालनालय घेते.

पावसाळ्यापूर्वी करण्यासारखे खरे काम म्हणजे छायाचित्रे. सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी कागद ठेवावा आणि फ्लॅश बंद ठेवून प्रत्येक पान दोनदा टिपावे, एकदा समोरून आणि एकदा प्रकाश एका बाजूने तिरपा पडेल असे. शाई उडालेली असली तरी टाकाने पाडलेला चर तिरप्या प्रकाशात दिसतो. मग छायाचित्र कृष्णधवल करून त्यातील काळ्या-पांढऱ्याचा फरक वाढवावा. वाचन त्यावरून करावे, कागद पुन्हा पुन्हा हाताळू नये. आणि कोरी वाटली तरी मागची बाजू टिपायला विसरू नये. घडी घातलेल्या कागदाच्या पाठीवर, एका अरुंद पट्टीत, तो कोणाचा आणि कोणाकडे ठेवायला दिला होता, हे पुष्कळदा लिहिलेले असते.